बोकडाच्या खिम्याचा भरलेला इटालियन मीटलोफ

इटलीत पोल्पेत्तोने या नावाने ओळखला जाणारा मीटलोफ हा तिथल्या घरगुती, रविवारच्या जेवणाचा पदार्थ आहे. खिमा, दुधात भिजवलेला पाव, अंडी आणि किसलेले चीज एकत्र मळून त्याचा लांबट लोफ वळायचा आणि तो ओव्हनमध्ये भाजायचा, एवढीच त्याची मूळ कृती. भरलेल्या प्रकारात खिम्याच्या आत पालक, चीज, हॅमचे पातळ काप आणि अख्खी उकडलेली अंडी ठेवतात, त्यामुळे टेबलावर सुरी फिरली की प्रत्येक कापात तपकिरी, हिरवी, पांढरी आणि पिवळी अशी वर्तुळे दिसतात. अंडी भरण्याची पद्धत विशेषकरून नेपल्स आणि सिसिली या दक्षिणेकडच्या भागांत रूढ आहे. सहा ते आठ माणसांच्या कुटुंबाला हा एकच पदार्थ मुख्य पदार्थ म्हणून पुरतो, आणि त्यातील बरेचसे काम आदल्या दिवशी उरकता येत असल्यामुळे पाहुणे आल्यावर यजमानांना ओट्यापाशी अडकून राहावे लागत नाही.

इटालियन घरांत यासाठी बीफ, कोवळ्या वासराचे मांस आणि पोर्क यांचे मिश्रण वापरतात. महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे आणि पोर्क अनेक मराठी घरांत चालत नाही, म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत हा लोफ करताना बोकडाचे मटण आणि चिकन यांच्याकडेच वळावे लागते. हा बदल वरवर दिसतो तितका सरळ नाही. बोकडाचे मांस कमी चरबीचे आणि घट्ट धाग्याचे असते. केवळ त्याचाच लोफ केला तर तो भाजल्यावर कोरडा, भुसभुशीत आणि कापताना मोडणारा होतो. त्यावर आपल्याकडे सहज सुचणारा उपाय म्हणजे आले-लसूण वाटण, गरम मसाला आणि हिरवी मिरची वाढवणे. त्याने चव तीव्र होते, पण कोरडेपणा तसाच राहतो आणि पदार्थ इटालियन न राहता कबाबाच्या कुळात जातो. या लोफचे सारे यश आतील ओलावा टिकवण्यात आहे आणि पुढे दिलेली प्रत्येक पायरी, मग ती पाव भिजवण्याची असो की लोफ बाहेर काढून थांबण्याची, त्याच एका हेतूने लिहिली आहे.

खिमा कसा घ्यावा

एकूण १ किलो मांस धरावे: ७०० ग्रॅम बोकडाचा खिमा आणि ३०० ग्रॅम चिकनचा खिमा. चिकनचा खिमा छातीचा न घेता मांडीचा घ्यावा, कारण मांडीच्या मांसात चरबी अधिक असल्याने ते मऊ राहते. मटणाच्या दुकानात खांद्याचा तुकडा मागावा. रानेपेक्षा, म्हणजे मागच्या पायाच्या मांसापेक्षा, खांद्यात चरबी आणि जोडऊतक जास्त असते आणि लोफसाठी तेच उपयोगी पडते. दुकानदाराला ८० ग्रॅमच्या आसपास चरबी त्यात घालायला सांगावी आणि खिमा आपल्यासमोर मशीनमधून एकदाच काढून घ्यावा. दोनदा काढलेला खिमा कबाबाला चांगला, परंतु लोफमध्ये तो पेस्टसारखा बसतो आणि पोत रबरी होतो. चरबी याहून जास्त घालू नये, कारण बोकडाची चरबी थंड होताच गोठते आणि टाळूला चिकटते. उरलेला स्निग्धपणा ऑलिव्ह तेल, दूध आणि चीज यांच्याकडून मिळवता येतो.

मटण धुण्याचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो. घरातील ज्येष्ठ मंडळींना न धुतलेले मटण शिजवणे मान्य नसते आणि त्यांच्याशी वाद घालून रविवार खराब करण्याचे कारण नाही. मात्र खिमा काढल्यानंतर तो धुतला तर त्यात इतके पाणी राहते की लोफ बांधलाच जात नाही. जे पाणी आत राहते ते ओव्हनमध्ये बाहेर पडून लोफ चिरतो. म्हणून धुवायचे असेल तर अख्खा तुकडा दुकानातच धुवून घ्यावा, स्वच्छ कपड्याने टिपावा आणि मगच मशीनमध्ये घालायला सांगावे. मांसातील जंतू धुण्याने जात नाहीत, ते पुरेशा उष्णतेने मरतात, हेही येथे लक्षात ठेवावे.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानांपुढे रांगा असतात, त्यामुळे साडेआठ-नऊपर्यंत पोहोचलेले बरे; खांद्याचा तुकडा उशिरा मिळत नाही. खिम्याचा पृष्ठभाग अख्ख्या मांसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असल्याने तो लवकर खराब होतो. सामान्य तापमानात तो दोन तासांहून जास्त काळ बाहेर राहता कामा नये, आणि ३२ अंशांपलीकडच्या उकाड्यात, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत, ही मर्यादा एका तासावर येते. घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक ज्यांना पार करायची आहे त्यांनी बर्फाची पिशवी सोबत न्यावी आणि भाजी आधी, मटण शेवटी असा क्रम ठेवावा. घरी आल्याबरोबर खिमा फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकून ठेवावा.

बाकीचे साहित्य

पावासाठी कोणत्याही आयात वस्तूची गरज नाही. आदल्या दिवशीचा लादीपाव या कामाला कापलेल्या पॅकबंद ब्रेडपेक्षा सरस ठरतो, कारण तो सहसा कमी गोड असतो आणि दूध पटकन शोषतो. १२० ग्रॅम पाव, म्हणजे साधारण चार लहान पाव, आणि १५० मिलिलिटर दूध लागेल. याशिवाय खिम्यात घालण्यासाठी दोन कच्ची अंडी, ५० ग्रॅम किसलेले पार्मेजान किंवा तत्सम कडक चीज, एक मध्यम कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या, मूठभर चिरलेली पार्सली, एका लिंबाच्या सालीचा फक्त पिवळा भाग किसून, एक चहाचा चमचा ताजी कुटलेली काळी मिरी, चिमूटभर किसलेले जायफळ आणि १२ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे, घ्यावे. मीठ याहून वाढवू नये. चीज आणि हॅम दोन्ही खारट असतात.

आतील सारणासाठी पालकाच्या दोन जुड्या, पाच अंडी, १५० ग्रॅम मोझरेला आणि १०० ग्रॅम हॅमचे काप लागतात. पोर्क चालत नसेल तर चिकनचे हॅम किंवा सलामी घ्यावी, आणि तीही नको असेल तर गाजराच्या लांब, उकडलेल्या काड्या वापराव्यात. चवीत फार फरक पडत नाही आणि कापाचा रंग अधिक खुलतो. मोझरेला मात्र नीट पाहून घ्यावे. पाण्यात बुडवून विकले जाणारे ताजे मोझरेला इथे घातक आहे, कारण त्यातील पाणी सुटून खिमा आतून ओला आणि कच्चट राहतो. पिझ्झासाठी मिळणारा घट्ट ठोकळा योग्य. तो न मिळाल्यास साधे प्रोसेस्ड चीज वापरायला हरकत नाही. त्याला मोझरेलासारखी तार येत नाही, परंतु ते वितळून सैरावैरा वाहत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे.

पार्सली ठाण्यात गावदेवीच्या मंडईत किंवा नवी मुंबईत मोठ्या भाजी दुकानांत मिळते. न मिळाल्यास तिच्या जागी कोथिंबीर घालण्याचा मोह टाळावा, कारण कोथिंबिरीचा वास आला की जीभ थेट खिम्याच्या रश्शाची अपेक्षा करू लागते. त्यापेक्षा पार्सली वगळून लिंबाची साल थोडी वाढवावी. सॉससाठी लागणाऱ्या बेझिलच्या जागी अनेक जण तुळस सुचवतात, पण त्या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. आपण फालुद्यात घालतो तो सब्जा मात्र बेझिलचेच बी आहे. ज्यांच्या गॅलरीत कुंडीला ऊन मिळते त्यांनी सब्जा पेरून पाहावा. उगवलेल्या रोपाची कोवळी पाने सॉसला उत्तम लागतात, आणि तुळशीची पाने मटणात घालण्याचा प्रसंगही येत नाही.

आदल्या रात्रीची कामे

सॉस आदल्या रात्रीच करून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो अधिक मुरतो. लांबट आकाराचे, गराचे पिकलेले १ किलो टोमॅटो घेऊन त्यांना खालून फुलीसारखी चीर द्यावी, उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून साल काढावी आणि हाताने कुस्करावेत. गोल गावठी टोमॅटो आंबट आणि बियाळ असल्याने सॉस पातळ होतो. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल मंद आचेवर तापवून त्यात ठेचलेल्या लसणाच्या तीन पाकळ्या फक्त सोनेरी होईपर्यंत परताव्यात, मग टोमॅटो, मीठ आणि हवे असल्यास लाल मिरचीचे थोडे तुकडे घालून पस्तीस ते चाळीस मिनिटे मंद शिजवावे आणि बेझिल असल्यास त्याची पाने घालावीत. दक्षिण इटलीत तिखटाचे वावडे नाही, तेव्हा मिरची घालण्यात काही चुकते असे मानू नये. सॉस आंबट वाटल्यास साखरेऐवजी एक अख्खे गाजर त्यात शिजवून नंतर काढून टाकावे. बाजारातील केचप या सॉसची जागा घेऊ शकत नाही. त्यातील साखर आणि व्हिनेगर मटणाची चव झाकून टाकतात.

त्याच वेळी पाच अंडी उकळत्या पाण्यात आठ मिनिटे उकडावीत आणि लगेच गार पाण्यात टाकावीत. लोफमध्ये ती पुन्हा तासभर तापणार असल्याने आधीच पूर्ण कडक केली तर बलकाभोवती हिरवट कडे येते. पालकाची पाने खारवलेल्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून गार पाण्यात काढावीत आणि मग दोन्ही हातांनी पिळावीत. हे पिळणे मन लावून करावे. पालकात राहिलेले पाणी हे भरलेला लोफ उलगडण्याचे पहिले कारण असते, म्हणून एकदा पिळून झाल्यावर तो जाडसर कपड्यात बांधून पुन्हा पिळावा आणि मगच चिरावा. कांदा अगदी बारीक चिरून दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेलात दहा मिनिटे, रंग न बदलता, मऊ होईपर्यंत परतून गार करावा. कच्चा कांदा खिम्यात घातला तर भाजताना त्याचे पाणी सुटते आणि त्याच्या तुकड्यांभोवती फटी पडतात.

मळणी

पावाच्या कडा काढून आतील मऊ भाग दुधात दहा मिनिटे भिजवावा आणि काट्याने घोटून गुठळ्या नसलेला लगदा करावा. दूध पिळून टाकू नये. या लगद्याचे काम केवळ पदार्थ वाढवण्याचे नाही. मांस तापू लागले की त्यातील प्रथिने आकसतात आणि स्पंज दाबावा तसे पाणी बाहेर ढकलतात. पावातील स्टार्च हे पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांच्या धाग्यांमध्ये बसून त्यांना एकमेकांशी घट्ट आवळू देत नाही. बोकडाच्या कमी चरबीच्या खिम्यात हा लगदा नसेल तर बाकी सारे काटेकोर करूनही लोफ कोरडाच होईल.

खिमा फ्रिजमधून काढून लगेच मळायला घ्यावा. तो गार असतानाच काम करायचे आहे, कारण हाताच्या उष्णतेने चरबी वितळू लागली की ती मांसाला धरून राहत नाही. मोठ्या परातीत दोन्ही खिमे आणि फक्त मीठ घालून दोन मिनिटे हाताने दाबत मळावे. मिठामुळे मांसातील काही प्रथिने विरघळतात आणि मिश्रण हाताला चिकट लागू लागते. हा चिकटपणाच भाजल्यावर लोफ बांधून ठेवतो. साध्या मीटलोफमध्ये इतके मळण्याची गरज नसते, परंतु पोटात अंडी आणि चीज पेलायचे असल्याने इथे थोडी अधिक पकड हवी. त्यानंतर पावाचा लगदा, कच्ची अंडी, गार झालेला कांदा, ठेचलेला लसूण, चीज, पार्सली, लिंबाची साल, मिरी आणि जायफळ घालून सारे एकजीव होईपर्यंतच, म्हणजे दीड-दोन मिनिटे, हलक्या हाताने कालवावे. इथे थांबता आले पाहिजे. चपातीच्या कणकेसारखे तिंबत राहिल्यास लोफ चिवट होतो.

आता सुपारीएवढा गोळा चपटा करून तव्यावर दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवून चाखावा. कच्चे मिश्रण चाखणे धोक्याचे आहे आणि एकदा लोफ वळला की मीठ सुधारता येत नाही, त्यामुळे ही छोटी टिक्की टाळू नये. मिश्रण झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. तेवढ्या वेळात मोझरेलाच्या बोटाएवढ्या जाड कांड्या कापून त्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. गोठलेले चीज उशिरा वितळते आणि तोवर भोवतालचा खिमा घट्ट झालेला असतो.

भरणे आणि वळणे

ओट्यावर ओव्हनमध्ये चालणारा बेकिंगचा कागद पसरावा. किराणा दुकानात मिळणारा प्रत्येक बटर पेपर ओव्हनच्या उष्णतेला टिकतो असे नाही, तेव्हा पुड्यावरील तापमान वाचून घ्यावे. कागदावर मिश्रण थापून ३० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद असा चौकोन करावा. जाडी सर्वत्र पावणेदोन-दोन सेंटिमीटर असावी आणि हात पाण्याने ओला ठेवल्यास मिश्रण चिकटत नाही. चारही बाजूंना तीन सेंटिमीटरची कड मोकळी सोडून आधी हॅमचे काप, त्यावर पालकाचा पातळ थर आणि मध्यभागी लांबीच्या दिशेने चीजच्या कांड्या ठेवाव्यात. अंड्यांची दोन्ही टोके थोडी कापून ती एकमेकांना टेकून एका रांगेत चीजशेजारी मांडावीत. टोके कापल्यामुळे पाच अंडी २४ सेंटिमीटरच्या जागेत बसतात आणि कोणाच्याही ताटात नुसते पांढरे टोक येत नाही. मुले असलेल्या घरात या बारकाव्याचे महत्त्व सांगायला नको.

वळताना हात अळूवडीच्या उंड्याला लागतो तसाच लावावा: कागदाची जवळची कड उचलून खिमा अंड्यांवर आणावा, कागदातूनच बोटांनी आत दाबावा, आणि मग पुढे लोटत गुंडाळी पूर्ण करावी. सांधा बोटाने सारखा करून दिसेनासा करावा, दोन्ही टोके आत वळवून बंद करावीत आणि संपूर्ण लोफवर ओला हात फिरवून एकही भेग राहिलेली नाही हे पाहावे. चीज नेहमी अशाच दुर्लक्षित भेगेतून बाहेर पडते. तयार लोफ सुमारे २८ सेंटिमीटर लांब आणि ९ ते १० सेंटिमीटर जाड होतो. तो कागदात घट्ट गुंडाळून वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा, मग सांधा खाली येईल असा तेल लावलेल्या ट्रेमध्ये ठेवून वरून ऑलिव्ह तेल आणि वाळलेल्या लादीपावाचा चुरा चोळावा. केकच्या किंवा ब्रेडच्या उभ्या टिनमध्ये हा लोफ भाजू नये, कारण त्यात तो स्वतःच्याच रसात उकडतो आणि फक्त वरची बाजू तांबूस होते.

भाजणे

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बहुधा ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेला छोटा विजेचा ओव्हन, असतो. त्याची क्षमता २८ लिटरच्या आसपास असल्यास हा लोफ मावतो. त्याहून लहान असल्यास दोन आखूड लोफ करावेत. ओटीजी साधारण १५०० ते २००० वॅटचा असतो, म्हणून तो नेहमीच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर न लावता १६ अँपिअरच्याच पॉइंटवर लावावा आणि त्याच सर्किटवर गीझर किंवा मायक्रोवेव्ह त्याच वेळी चालू ठेवू नये.

ओव्हन वरच्या-खालच्या दोन्ही रॉडवर २०० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे तापवून घ्यावा. लोफ मधल्या किंवा खालच्या कप्प्यात ठेवून पहिली पंधरा मिनिटे २०० अंशांवर आणि नंतर १७५ अंशांवर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटे भाजावा. सुरुवातीच्या प्रखर उष्णतेने बाहेरची बाजू घट्ट आणि तांबूस होते, तर पुढच्या सौम्य उष्णतेत आतील भाग न आक्रसता शिजतो. वरचा रॉड लोफच्या फार जवळ असेल आणि चुरा करपू लागला तर फॉइलचा तुकडा सैल झाकावा, मात्र तो रॉडला लागणार नाही याची खात्री करावी. अर्ध्या वेळानंतर ट्रेमध्ये जमलेला रस चमच्याने लोफवर दोनदा घालावा. अर्धवट उकडलेल्या बटाट्याच्या फोडी या टप्प्यावर ट्रेमध्ये टाकल्यास त्या याच रसात भाजून निघतात आणि तोंडीलावण्याचा प्रश्न मिटतो.

लोफ शिजला की नाही हे रंगावरून ओळखता येत नाही, आणि सुरी खुपसून पाहिल्यास रस वाया जातो. भरलेल्या लोफच्या बाबतीत तर हा अंदाज हमखास चुकतो, कारण मध्यभागी मांस नसून अंडी आणि चीज असते. यासाठी टोक खुपसून तापमान पाहण्याचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. ज्यांना मटण-चिकन नियमित भाजायचे आहे त्यांच्यासाठी ओव्हनखालोखाल हेच सर्वांत उपयोगी साधन आहे. त्याचे टोक बाजूने आडवे खुपसून अंड्याच्या अलीकडच्या खिम्याच्या आतल्या थरात न्यावे. नुसत्या बोकडाच्या खिम्याला ७१ अंश पुरतात, परंतु मिश्रणात चिकन असल्यामुळे ७४ अंश गाठलेच पाहिजेत. त्यापुढे भाजत राहिल्यास प्रत्येक अंशागणिक रस कमी होतो, म्हणून पंचावन्नाव्या मिनिटापासून दर पाच मिनिटांनी तापमान पाहावे.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असणाऱ्यांनी फक्त कन्व्हेक्शन वापरावे. मायक्रोवेव्ह आणि कन्व्हेक्शन एकत्र चालवल्यास आतील अख्खी अंडी वाफ कोंडून फुटू शकतात.

ओव्हनच नसेल तरी हा बेत रद्द करण्याचे कारण नाही, कारण इटलीतल्या कितीतरी घरांत पोल्पेत्तोने सॉसमध्ये, शेगडीवरच शिजवतात. त्यासाठी दोन लहान लोफ करून त्यांवर मैदा भुरभुरावा आणि पसरट, जाड बुडाच्या भांड्यात ऑलिव्ह तेलावर सर्व बाजूंनी, साधारण पंधरा मिनिटांत, तांबूस करून घ्यावेत. पहिली बाजू आपोआप सुटेपर्यंत उलटण्याची घाई करू नये. घाईत खालचा थर भांड्याला चिकटून राहतो. मग लोफच्या निम्म्या उंचीपर्यंत येईल इतका टोमॅटो सॉस आणि अर्धी वाटी गरम पाणी घालून, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर पंचेचाळीस ते पन्नास मिनिटे शिजवावेत. मध्ये एकदाच, दोन उलथन्यांनी आधार देत, पालटावेत. सॉसला जोराची उकळी येऊ देऊ नये, कारण त्या धक्क्यांनी लोफ सुटतो. तापमानाचा नियम इथेही ७४ अंशांचाच. या पद्धतीत कवच कुरकुरीत होत नाही, पण सॉसला मटणाचा जो गाढ स्वाद येतो तो ओव्हनमध्ये मिळत नाही. मला विचाराल तर बोकडाच्या खिम्याला हीच पद्धत जास्त मानवते.

वाढणे

ओव्हनमधून काढलेला लोफ सैल फॉइलखाली वीस मिनिटे तसाच ठेवावा. भूक लागलेल्या मंडळींना ही वीस मिनिटे जड जातात, तरीही लगेच कापल्यास रस ट्रेमध्ये वाहून जातो, वितळलेले चीज बाहेर येते आणि अंडी काप सोडून निसटतात. नंतर पातळ, धारदार सुरीने, शक्यतो दात्यांच्या, दोन सेंटिमीटर जाडीचे काप करावेत. सुरी दाबू नये, करवतीसारखी चालवावी आणि प्रत्येक कापानंतर पुसावी. ताटे गरम पाण्याने धुवून पुसून ऊबदार ठेवावीत, कारण आधी सांगितल्याप्रमाणे बोकडाची चरबी गार ताटात लवकर गोठते. गरम सॉस कापाच्या खाली पसरावा, वर ओतू नये, म्हणजे आतील रंग झाकले जात नाहीत.

रात्री साडेआठला जेवायचे असेल तर साडेपाचला मळणी, सव्वासहाला वळणे, सातच्या आत ओव्हन आणि आठला लोफ बाहेर असा हिशेब बसतो. सोबत भाजलेले बटाटे, काकडी आणि टोमॅटोची ऑलिव्ह तेल व लिंबू घातलेली कोशिंबीर आणि तव्यावर शेकलेला पाव पुरे. चपातीबरोबरही हा पदार्थ चांगला लागतो. भाताबरोबर मात्र त्याचा मेळ बसत नाही.

एकत्र कुटुंबात कोणी शाकाहारी असेल, तर त्यांच्यासाठी वेगळ्या देशाचा पदार्थ शोधावा लागत नाही. उत्तर इटलीतल्या जेनोआ शहराचा पोल्पेत्तोने मुळातच बिनमांसाचा, फरसबी आणि बटाट्याचा असतो. अर्धा किलो फरसबी उकडून बारीक चिरावी, अर्धा किलो उकडलेले बटाटे गरम असतानाच किसावेत, त्यात तीन अंडी, ८० ग्रॅम किसलेले कडक चीज, परतलेला लसूण, भिजवून चिरलेले सुके मश्रूम आणि थोडी मार्जोरमची सुगंधी पाने घालून तेल लावलेल्या ट्रेमध्ये तीन सेंटिमीटरचा थर थापावा, वरून पावाचा चुरा व तेल घालून १८० अंशांवर चाळीस मिनिटे भाजावे. अंडे चालणाऱ्यांसाठीच हा प्रकार योग्य आहे, आणि अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरलेला असल्याने हिरव्या ठिपक्याचे भारतीय कडक चीज घ्यावे. तो आधी भाजून झाकून ठेवता येतो, कारण कोमटही चांगला लागतो. मटणाच्या लोफसाठी ओव्हन मोकळा राहतो.

उरलेला लोफ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर कापांमधील अंडी काढून घ्यावीत, कारण गोठल्यावर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हऐवजी तव्यावर थोड्या सॉसमध्ये, झाकण ठेवून काप मंद गरम करावेत; किंवा कापाची एक बाजू तेलावर खरपूस परतून, तो काप मोहरीचा सॉस लावलेल्या लादीपावात घालून डब्यात द्यावा.